फादरांच्या पाठीशी कोण?

अकोल्यात ‘फादर’ म्हटले की बहुतेकांना शाळा आठवते. माउंट कार्मेल, होली क्रॉस ही नावे जुन्या शहरात, हरिहर पेठेत, डाबकी रोडला राहणाऱ्या घरांतही रोजच्या बोलण्यातली आहेत. प्रवेशाच्या दिवसांत पालक फादरांना, सिस्टरना भेटायला ताटकळतात. काम झाले की समाधानाने आणि नाही झाले की चरफडत घरी येतात. मोर्णेच्या या तीरावर, असदगडाभोवती वसलेल्या वस्तीत कॅथलिक घर शोधूनच सापडायचे. त्यामुळे फादर नावाच्या माणसाशी आपला संबंध तेवढाच. ते इथे येण्याआधी कुठे होते, पुढच्या वर्षी कुठे असतील, तापाने फणफणले तर उशाशी कोण बसते, पंचाहत्तरीनंतर ते राहतात कुठे, हे कधी मनात येत नाही. या सगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधू गेले तर वाट एकाच दारी जाते. ते दार अमरावती कॅम्पातल्या बिशप हाउसचे. तिथले बिशप आपल्या फादरांना कितपत पुरे पडतात, पडू शकतात, याचा हा आढावा आहे.

गावच्या पुजाऱ्याला घरदार असते. इमामसाहेबांची सोय मशिदीची कमिटी बघते. विहारातल्या भंतेजींच्या भोजनदानाची पाळी उपासकांची घरे वाटून घेतात. अकोल्यात अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुजलेले आहे. त्या प्रोटेस्टंट चर्चचे पास्टर संसारी असतात, दुखण्याखुपण्याला घरचे माणूस असते. कॅथलिक फादर अविवाहित. त्यांची नेमणूक लोक करत नाहीत, त्यांना काढूही शकत नाहीत. त्यांना पाठवतात बिशप, परत बोलावतात बिशप, आणि त्यांचे बरेवाईट बघायचे तेही बिशपांनीच.

फादरांमध्येही दोन प्रकार आहेत आणि तो फरक कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एक धर्मसंघाचे फादर, म्हणजे जेझुइट, फ्रान्सलियन वगैरे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते त्यांनी घेतलेली असतात. त्यांचे राहणे, खाणे, शिक्षण, आजारपण, म्हातारपण सारे संघ बघतो. दुसरे धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचे फादर. त्यांना दारिद्र्याचे व्रत नसते. ते ब्रह्मचर्य पत्करतात आणि आपल्या बिशपांना आज्ञापालनाचे वचन देतात. त्यांच्यामागे संघ नाही, मठ नाही. वऱ्हाडात कॅथलिक चर्च उभे केले ते पहिल्या प्रकारच्या फादरांनी. फ्रान्सच्या सव्हॉय भागातला फ्रान्सलियन संघ १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरला, तिथून कामठी-नागपूरकडे आणि पुढे वऱ्हाडात आला. चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरला कोरकूंमध्ये राहिलेल्या त्या परदेशी फादरांना हिवताप झाला, पैसा संपला, तरी मागे संघ होता. पुढे इथलेच, मुंबई-वसईकडचे, दक्षिणेतले तरुण धर्मप्रांताचे फादर होऊ लागले, आणि संघ जे करत असे ते सगळे बिशपांच्या अंगावर आले. हा बदल गाजावाजा न होता झाला. त्याचे वजन मात्र अजून सगळ्यांच्या ध्यानात आलेले नाही, असे माझे मत आहे.

गुरुदीक्षेचा विधी ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक क्षण आठवत असेल. दीक्षा घेणारा तरुण बिशपांपुढे गुडघे टेकतो, जोडलेले हात त्यांच्या हातांत ठेवतो. बिशप त्याला विचारतात की, माझा आणि माझ्या वारसांचा मान राखशील का, आज्ञा पाळशील का. तो होकार देतो. मग तो जमिनीवर पालथा झोपतो आणि सगळी सभा संतांची नावे घेत त्याच्यासाठी प्रार्थना करते. बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, त्यांच्यामागून हजर असलेला एकेक फादर हात ठेवतो. मग तळव्यांना पवित्र तेल लावले जाते. वचन इथे एका बाजूने दिलेले दिसते. फादर बिशपांना वचन देतो. बिशपांनी फादरला काय द्यायचे, ते त्या विधीत उच्चारले जात नाही. ते चर्चच्या कायद्यात लिहिलेले आहे.

१९८३ च्या धर्मसंहितेचे ३८४वे कलम सांगते की बिशपांनी आपल्या धर्मगुरूंची विशेष काळजी घ्यावी, साहाय्यक आणि सल्लागार म्हणून त्यांचे ऐकावे, त्यांच्या हक्कांचे रक्षण करावे, त्यांचे आध्यात्मिक आणि बौद्धिक जीवन वाढेल अशी साधने पुरवावीत, त्यांच्या योग्य चरितार्थाची आणि सामाजिक सुरक्षिततेची व्यवस्था करावी. २८१वे कलम आजारपण, अपंगत्व आणि म्हातारपण यांची तरतूद मागते. २८३व्यात दरवर्षीच्या रजेचा हक्क आहे, आणि धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीच्या, प्रमुख फादरांना ती महिनाभर घेता येते. ७५ वर्षे पूर्ण झाली की त्यांनी राजीनामा सादर करावा, आणि तो स्वीकारणाऱ्या बिशपांनी त्यांच्या राहण्याची, पोटापाण्याची सोय लावावी, असे ५३८वे कलम म्हणते. शिक्षा झालेल्या फादरलाही उपाशी ठेवता येत नाही. त्याच्या जगण्यापुरती तजवीज करण्याचे बंधन बिशपांवर आहे. हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मगुरूंवरचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात बिशपांनी फादरांना भाऊ आणि मित्र मानावे असे स्पष्ट सांगितले होते. त्याआधी बिशप म्हणजे संस्थानिक आणि फादर म्हणजे त्यांचा कारकून, असा थाट जगभर बऱ्याच ठिकाणी होता. ती परिषद भरली तेव्हा अमरावतीचा धर्मप्रांत अवघ्या काही वर्षांचा होता.

८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा काढून अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप जोसेफ आल्बर्ट रोझारिओ, फ्रान्सलियन संघाचे. ते १९९५ पर्यंत, म्हणजे ४० वर्षे बिशप होते. एवढ्या काळात जो माणूस दीक्षा देई, तोच बदली करी, तोच आजारपणात भेटायला येई. १९७७ मध्ये मराठवाड्याचा भाग वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत झाला, तरी अमरावतीकडे मेळघाटापासून अकोला, वाशीम, बुलडाण्यापर्यंतचा पसारा उरलाच. १९९५ मध्ये एडविन कोलासो आले. २००६ मध्ये ते औरंगाबादला गेले. २००७ मध्ये लुर्ड्स डॅनियल आले. २०१० मध्ये नाशिकला गेले. २०१२ मध्ये एलायस गोन्सालविस आले आणि २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचे आर्चबिशप म्हणून नेमले गेले. २०२० मध्ये पुण्याहून माल्कम सिक्वेरा आले.

हा क्रम मी मुद्दाम दिला. पहिल्या ४० वर्षांत एक बिशप आणि पुढच्या २५ वर्षांत चार. त्यातही तीन वेळा खुर्ची रिकामी, कधी काही महिने तर कधी वर्षाहून अधिक. खुर्ची रिकामी झाली की काय होते? धर्मप्रांताच्या सल्लागार फादरांनी आठ दिवसांत प्रशासक निवडायचा असतो, रोम वेगळी व्यवस्था करणार नसेल तर. आणि त्या प्रशासकाला कायदा सांगतो की नवे काही करू नकोस. दैनंदिन कारभार चालतो, मिस्सा हा चर्चमधला प्रार्थनाविधी चुकत नाही, शाळा भरतात. पण एखाद्या फादरला पुढे शिकायला जायचे असेल, कुणाचा जीव एका गावात घुसमटत असेल, दोन फादरांचे पटत नसेल, तर ते सारे नव्या माणसापर्यंत लांबते. आणि नवा माणूस येतो तेव्हा त्याला आपल्या फादरांपैकी कुणाची आई केरळात अंथरुणाला खिळली आहे, कुणाला साखरेचा त्रास आहे, कोण गेल्या वर्षापासून गप्प गप्प झाला आहे, हे शून्यापासून समजून घ्यावे लागते. विदर्भातले धर्मप्रांत लहान. इथून माणसे मोठ्या जागी जातात, यात गैर काही नाही. मात्र बिशप बदलला तरी फादरांची काळजी न खंडता चालावी, अशी व्यवस्था कागदावर असली पाहिजे. एका माणसाच्या स्मरणशक्तीवर ती उभी राहू नये.

आता पैशाचे बोलू, कारण बाहेरच्या लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत तिथे आहे. फादर म्हणजे परदेशी पैसा, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. प्रत्यक्षात धर्मप्रांताच्या फादरला महिन्याचा ठरावीक भत्ता मिळतो. शिवाय मिस्साचे दान असते: कुणी वडिलांच्या पुण्यतिथीला, कुणी मुलाच्या परीक्षेसाठी मिस्सा सांगते आणि थोडी रक्कम देते. तिचा दर फादर ठरवत नाहीत, प्रांतातले बिशप एकत्र बसून ठरवतात. आणि दिवसाला एकाहून अधिक मिस्सा केले तरी नाताळ सोडता एकाच मिस्साचे दान स्वतःकडे ठेवता येते. लग्न, बाप्तिस्मा यांच्या निमित्ताने येते ते धर्मग्रामाच्या फंडात जाते, देणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तर. मुंबई-वसईच्या चर्चमध्ये रविवारी जे जमते, त्याची वऱ्हाडातल्या लहान चर्चमध्ये कल्पनाही करता येत नाही. म्हणून बिशपांनी श्रीमंत धर्मग्रामाकडून गरीब धर्मग्रामाकडे पैसा वळवायचा असतो. त्यासाठी फादरांच्या चरितार्थाचा सामाईक निधी उभारायला १२७४वे कलम सांगते. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले. पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या एकाच खात्यात घ्यायचा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, हे नियम आले. लहान धर्मप्रांतांचे हात त्याने बांधले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांच्या पगारातून प्राप्तिकर कापलाच पाहिजे, असा निकाल दिला. तो मला पटतो. पगार सरकारी तिजोरीतून येतो तर कर द्यावा. पण हा पगार बहुतेकांच्या हाती राहत नाही, संस्थेत जातो, ही गोष्टही खरी.

पैशाचा प्रश्न अवघड असला तरी सुटणारा आहे. आरोग्य विमा काढता येतो, निधी उभारता येतो, मुंबईत वांद्र्याला आहे तसे थकलेल्या फादरांसाठी घर बांधता येते. माझी खरी चिंता वेगळी आहे.

वऱ्हाडातल्या एखाद्या तालुक्याच्या गावचे फादरांचे घर डोळ्यापुढे आणा. चर्चच्या मागे दोन-तीन खोल्या. पुढे ऑफिस, भिंतीवर पोप आणि बिशप यांचे फोटो, टेबलावर बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे रजिस्टर. पंधरा-वीस कॅथलिक कुटुंबे, तीही विखुरलेली. त्यांतली काही रेल्वेत, काही बँकेत, बदली झाली की निघून जाणारी. सकाळचा मिस्सा आटोपला, शाळा सुटली, कामवाली बाई स्वयंपाक झाकून गेली, की संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या घरात दुसरा आवाज नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीशीच्या पुढे, त्यात लोडशेडिंग. फादर मूळचे कोट्टयमचे, मंगळूरचे किंवा तमिळनाडूतले असतील तर घरच्या बोलीत बोलायला फोनशिवाय कुणी नाही. फादर घडवणाऱ्या नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत, जिच्यावरून त्या शहरातल्या टेकडीला सेमिनरी हिल्स नाव पडले, किंवा पुण्याच्या पेपल सेमिनरीत बरोबरीच्या मुलांत वर्षानुवर्षे राहिलेला तरुण एकदम अशा घरी येतो. सेमिनरीत घंटा वाजली की सगळे जेवायला बसत. इथे तो एकटा ताटावर बसतो, मोबाइल समोर ठेवून.

व्हॅटिकन परिषदेने आणि चर्चच्या कायद्याने यावर उपाय सांगून ठेवला आहे: फादरांनी शक्य तिथे एकत्र राहावे. २८०वे कलम तशी शिफारस करते. दोन-तीन फादर एका घरी राहून आसपासची चार चर्च सांभाळू शकतात. रस्ते आता तेवढे वाईट राहिलेले नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा पाच दिवसांच्या आत करून गिनीज विक्रम झाला, तो याच वऱ्हाडात. मूर्तिजापुरात एकट्याने झोपण्याची गरज आता प्रत्येक वेळी नाही. तरी आपल्याकडे ‘प्रत्येक चर्चला एक फादर’ हा हिशोब सुटत नाही, कारण लोकांना दाराशी फादर हवा असतो, शाळेलाही हवा असतो. बिशपांनी इथे लोकांची नाराजी पत्करून ठाम व्हावे. एकट्या माणसाचे मन ढासळल्यावर समुपदेशक शोधण्यापेक्षा त्याला दोन माणसांत ठेवणे सोपे आणि स्वस्तही आहे.

दुसरी नाजूक जागा बदलीची. पत्र साधारण उन्हाळ्यात येते, शाळा उघडायच्या आत नव्या जागी रुजू व्हायचे असते. निरोपाचा कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ, मुलांचा नाच. एक म्हातारी विचारते, ‘फादर, तुमी चालले त आता आमच्या पोराच्या दाखल्याचं कोन पाह्यन?’ सगळे हसतात. फादरही हसतात. ज्याने चार वर्षे खपून त्या गावात विहीर खोदून घेतली, मुलींचे वसतिगृह उभे केले, त्याच्या मनात काय चालते हे कुणी विचारत नाही. बदली आज्ञेने होते आणि फादरने आज्ञा पाळायची असते. कायद्यात मात्र एक सुंदर तरतूद आहे. प्रमुख फादरांची इच्छा नसताना बदली करायची असेल तर बिशपांनी ती आधी लेखी सुचवायची. फादरांनी आपली अडचण लेखी मांडायची. मग बिशपांनी दोन प्रमुख फादरांशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचा. १७४८ ते १७५२ ही ती कलमे. फादरमंडळींना ती सेमिनरीत शिकवलेली असतात आणि बहुधा तिथेच राहतात. वचन दिलेला माणूस कारण विचारायला कचरतो, आणि कारण सांगितले तर इतर चौघांना सांगावे लागेल म्हणून बिशपही कचरतात. एक ओळीचे कारण, दोन आठवड्यांची मुदत, आणि पत्राआधी एक फोन, एवढ्याने किती कडवटपणा वाचेल!

इथे मूळ दुखण्याशी येतो. बिशप फादरचे वडील आहेत, असे चर्च म्हणते; परिषद भाऊ आणि मित्रही म्हणते. पण हेच वडील त्याची बदली करतात, त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकतात, त्याची फाइल त्यांच्याच कपाटात असते. मग मनातले त्यांच्यापाशी बोलायचे कसे? दारूची सवय लागते आहे, झोप येत नाही, श्रद्धाच डळमळली आहे, हे ज्याच्या हाती आपली पुढची नेमणूक आहे त्याला कोण सांगेल? २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठाच्या एका प्रकल्पाने साडेतीन हजारांवर फादरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्या बिशपांवर विश्वास असल्याचे सांगणारे धर्मप्रांताचे फादर ४९ टक्के निघाले. त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. एखाद्या फादरच्या वैयक्तिक अडचणीत आपण फार चांगली मदत करू, असे ९२ टक्के बिशपांना वाटत होते. आपले बिशप तशी मदत करतील असे वाटणारे धर्मप्रांताचे फादर होते ३६ टक्के. या दरीत कुणाची लबाडी नाही. बिशप खरोखर मदत करू इच्छितात. फादरांना मात्र तो हात आपल्यासाठी पुढे झाला आहे की आपल्याला तपासण्यासाठी, हे कळत नाही.

अमेरिकेचे आकडे वऱ्हाडाला जसेच्या तसे लावू नयेत. तिथल्या मोठ्या धर्मप्रांतांत शेकड्यांनी फादर. बिशपांची भेट सहज मिळत नाही. इथे सगळ्यांची नावे बिशपांना पाठ असतात, हा लहान असण्याचा मोठा फायदा. मात्र लहान घरात गोष्ट लपत नाही, हा त्याचाच तोटा. एकाने बिशपांपाशी मन मोकळे केले आणि दोन महिन्यांनी त्याची बदली झाली, तर कारण काहीही असो, बाकीचे त्यातून धडा घेतात.

कायद्याने यासाठी मधली माणसे नेमली आहेत. धर्मप्रांताचे विभाग करून प्रत्येकावर एक डीन असतो. आपल्या विभागातल्या फादरांकडे लक्ष देणे, कुणी गंभीर आजारी पडला तर त्याला धार्मिक आणि भौतिक दोन्ही मदत मिळते ना हे बघणे, गेला तर त्याची अंत्यक्रिया मानाने होईल याची काळजी घेणे, हे त्याचे ५५५व्या कलमातले काम. प्रत्यक्षात डीन म्हणजे बैठकीचे निरोप पोचवणारा फादर होऊन बसतो, कारण त्याच्याकडेही स्वतःची शाळा आणि स्वतःचे चर्च असते. फादरांची सल्लागार सभा असते, जिला मंडळी सिनेट म्हणतात. तिच्यापुढे इमारतींचे, शाळांचे विषय जितका वेळ चालतात त्याच्या निम्मा वेळ फादरांच्या जगण्याला मिळाला तरी पुष्कळ होईल. माझी सूचना साधी आहे. बदली किंवा नेमणुकीशी काडीचा संबंध नसलेला एक अनुभवी फादर, शक्यतो दुसऱ्या धर्मप्रांताचा, नुसता ऐकण्यासाठी असावा. त्याच्यापाशी बोललेले बिशपांच्या टेबलावर जाणार नाही, हे बिशपांनी स्वतः लेखी द्यावे.

पोप फ्रान्सिस यांनी बिशपांना एक गोष्ट अनेकदा सांगितली: फादरचा फोन येऊन गेला असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उलट फोन करा, म्हणजे त्याला कळेल की आपल्याला बाप आहे. १७ फेब्रुवारी २०२२ ला रोममधल्या परिसंवादात त्यांनी फादरांसाठी चार जवळिकी सांगितल्या: देवाशी, बिशपांशी, इतर फादरांशी आणि लोकांशी. बिशपांशी जवळीक त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर ठेवली. फोनची ती साधी गोष्ट मला मोठमोठ्या पत्रकांपेक्षा मोलाची वाटते. तिला पैसा लागत नाही, समिती लागत नाही.

पाठीशी उभे राहण्याचा आणखी एक प्रकार आहे: माणसातले गुण ओळखून त्याला मोकळीक देणे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मप्रांताचेच फादर. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, हरित वसईचा लढा, ‘सुबोध बायबल’, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. त्या निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा मराठी वाचकांना ते आपलेच वाटत होते. थॉमस डाबरे यांनी फादर असताना तुकारामांवर डॉक्टरेट केली आणि पुढे वसईचे, मग पुण्याचे बिशप झाले. अशी कामे चर्चच्या रोजच्या रहाटगाडग्यातून सवड मिळाल्याशिवाय होत नाहीत, आणि ती सवड देणे बिशपांच्या हाती असते. वऱ्हाडात कोरकू बोलीचा अभ्यास करणारा, वऱ्हाडीत प्रवचन करणारा, शेतकरी आत्महत्यांच्या घरांत जाऊन बसणारा फादर असेल, तर त्याला शाळेच्या टाइमटेबलमधून सोडवणे हीदेखील त्याची काळजीच आहे.

एका ठिकाणी मात्र पाठराखणीला जागा नाही. मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार आली तर बिशपांचे पहिले कर्तव्य त्या मुलाशी आहे. पोक्सो कायदा २०१२ चा. माहिती असून पोलिसांना न कळवणे हाच त्यात गुन्हा आहे. चर्चनेही २०१९ मध्ये फादर-सिस्टरांवर अशी तक्रार वर कळवण्याची सक्ती केली आणि तक्रार दाबणाऱ्या बिशपांची चौकशी कशी व्हावी हेही ठरवले. केरळच्या कोट्टियूर प्रकरणात २०१९ मध्ये एका फादरला २० वर्षांची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने पुढे ती १० वर्षांवर आणली, आणि रोमने त्याला धर्मगुरूपदावरून काढून टाकले. ते योग्यच झाले. यातला दुसरा धागाही सोडता येत नाही. अमेरिकेतल्या त्याच अभ्यासात ८२ टक्के फादरांनी खोट्या आरोपाची भीती कायम वाटते असे सांगितले. चौकशीत निर्दोष ठरलेल्या फादरला बिशपांनी लोकांसमोर, त्याच चर्चमध्ये, स्वतः येऊन परत उभे करायला हवे. बदली करून गुपचूप दुसऱ्या गावी पाठवणे म्हणजे फादर दोषी असेल तर मुलांना धोका आणि निर्दोष असेल तर त्याला कायमचा डाग, दोन्ही एकाच फटक्यात.

वर्षातून एकदा सगळे फादर बिशपांभोवती एकत्र येतात, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात किंवा त्याच्या आसपास, तेल आशीर्वादित करण्याच्या मिस्साला. रीतीप्रमाणे तो गुरुवारी सकाळी, पण अंतरे मोठी असलेल्या धर्मप्रांतांत आधीच्या दिवशी करतात, म्हणजे गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला आपल्या गावी पोचता येते. बिशप विचारतात, फादर दीक्षेच्या दिवशीचे वचन नव्याने देतात. मग बिशप जमलेल्या लोकांकडे वळून म्हणतात की, या फादरांसाठी प्रार्थना करा, आणि माझ्यासाठीही करा. या विधीत बिशप लोकांकडे काही मागतात, ही गोष्ट लोकांनी मनावर घ्यावी. अकोल्याच्या, खामगावच्या, वाशीमच्या कॅथलिक कुटुंबांनी फादरांना नाताळच्या करंज्यांपुरते घरी बोलावू नये. आठवड्यातली एक रात्र प्रत्येक घराने वाटून घेतली तर कुणीही फादर एकट्याने जेवणार नाही. आणि ज्यांची मुले फादरांच्या शाळांतून शिकून मोठी झाली त्या आम्हा इतरांनाही, बदलीच्या पत्रानंतर मावळत्या फादरांना एकदा भेटून यायला कुणी मनाई केलेली नाही.

८ मे २०२५ ला अमरावती धर्मप्रांताला ७० वर्षे पूर्ण झाली. योगायोग असा की त्याच दिवशी रोममध्ये लिओ चौदावे पोप म्हणून निवडले गेले. पंचाहत्तरी २०३० मध्ये येईल. तोवर धर्मप्रांताने एक छोटी पुस्तिका काढावी, मराठीत आणि इंग्रजीत: फादरांचा भत्ता, रजा, विमा, निवृत्तीनंतरचे घर, बदलीची पद्धत, तक्रारीची चौकशी, आणि मनातले बोलण्यासाठी नेमलेल्या फादरचा फोन नंबर. ती सिनेटमध्ये मंजूर व्हावी, पुढच्या प्रत्येक बिशपांवर बंधनकारक राहावी आणि प्रत्येक चर्चच्या ऑफिसात लोकांना बघायला मिळावी. नव्या इमारतीपेक्षा हे काम आधी हाती घ्यावे, अशी बिशपांना आणि सिनेटला माझी विनंती आहे.